बंदीचे दिवस

जुलैची अखेर. दाभोळ बंदरात
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
समुद्राला बंदी एकतीस तारखेपर्यंत,
तसं पत्रक लागलंय सोसायटीच्या दारावर, शिक्क्यासकट.
माझ्या बंदीचं पत्रक कुणी लावलं नाही.
मार्चमध्ये शेवटचं बिल पाठवलं,
पैसे मेमध्ये आले, टीडीएस कापून,
आणि मग इनबॉक्समध्ये फक्त वीज मंडळ.

बावीस वर्षं डेटाबेस हलवतेय मी,
जुन्या घरातून नव्या घरात,
एकही भांडं न फुटू देता.
असं बायोडेटात लिहीत नाहीत.
लिहितात तसं लिहिलंय, दोन पानांत,
पहिली सात वर्षं गाळून.
एजन्सीची मुलगी म्हणाली होती,
मॅम, त्यातून वय दिसतं.

मुलाखत दिली टेकडीवर, टोळकेश्वराच्या वाटेला,
खाली रेंज नाही म्हणून.
समोरचा मुलगा सव्विशीचा असेल.
म्हणाला, या टूलचा दहा वर्षांचा अनुभव आहे का?
म्हटलं, टूलच सहा वर्षांचं आहे.
तो हसला नाही. काहीतरी टाइप केलं.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
खाली फेरीबोट धोपाव्याला निघाली होती,
दोन जीप, आणि दोरीनं बांधलेला कुणाचा तरी फ्रीज.
इथेच, मी म्हटलं.
दुसऱ्या दिवशी मेल:
आम्ही अन्य उमेदवारासह पुढे जात आहोत.
जा.

संध्याकाळी अब्बास होडेकर पडवीत जाळं तुणत बसतो.
त्यालाही माणसं हवीत, सात खलाशी,
नारळी पौर्णिमेपासून मे अखेरपर्यंत.
उचल आधी मोजावी लागते,
आणि घेऊन दोघे तरी दुसऱ्याच्या होडीवर जातात.
निवडता कसे? मी विचारलं.
"निवडायचं काय बाय त्यात?
गेल्या साली वादळात कोण ओकला, ठाऊक असतं.
ओकून परत दोरीला लागला, तो आपला."
आणि पैशाचं?
त्यानं सुतळी दातांनी तोडली.
"आकडा एकदा सांगायचा. मग तोंड मिटून पाण्याकडं बघायचं.
आधी बोलला तो उतरला."

मार्चपासून मी माझा दर तीनदा उतरवला होता.
कुणी विचारलंही नव्हतं.

गुरुवारी फोन. सांगलीची पतसंस्था.
"सुनंदा खातू आपणच का?"
हे माहेरचं नाव. त्या नावानं हाक आली नव्हती
इतकी वर्षं, की आधी मागे वळून बघितलं.
"मॅडम, तुमचं नाव आम्हाला कोडात सापडलं."

दोन हजार चार. रात्रीचे अकरा, चहा गार,
व्याजाच्या हिशेबाला मी एक ठिगळ लावलं होतं
आणि वर लिहिलं होतं,
तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करायचं. सु. खातू.

तेवढ्यात माझं लग्न झालं, मोडलं,
त्यांचे चार मॅनेजर निवृत्त झाले,
सर्व्हर दोनदा बदलला.
ठिगळ टिकलं.
उसवलं ते परवा, तिमाहीच्या व्याजाला.

"तीन आठवड्यांचं काम आहे. दिवसाचे किती घ्याल?"
मी आकडा सांगितला. मार्चआधीचा,
त्यावर तीन हजार.
आणि पाण्याकडे बघितलं.
ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर
शेवाळाची रेघ उघडी पडलेली,
एक कुत्रं खालच्या पायरीपर्यंत जाऊन
नाक ओलं करून परत आलं.
पलीकडे कुणी खोकलं. कागद वाजला.
कुत्रं पुन्हा उतरलं.
"बरं," आवाज म्हणाला, "पण सोमवारपासून."

सोमवारी दहाला वीज गेली.
इन्व्हर्टरवर उघडली ती फाइल.
त्या पोरीचं कोड वाचलं, नावं आखूड,
घाई दिसत होती, पण चूक नव्हती.
बुधवारपर्यंत नीट केलं. खरंच नीट.
मग वरची ओळ पुसायला गेले
आणि राहू दिली.
तिच्याखाली फक्त फोन नंबर लिहिला.